मॅपवरचं हिरवं पान आणि कुणाच्या तरी गल्लीतला धूर

कर्वेनगरी (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मी शोधला पण सापडला नाही.

घर कर्वेनगर, ऑफिस बाणेर. रोज जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. गूगल मॅपवर रस्ता टाकला की एका रूटवर ते छोटं हिरवं पान येतं, म्हणजे या रस्त्याने गेलात तर पेट्रोल कमी जळेल. आपल्याकडे हे डिसेंबर २०२३ ला जाहीर झालं, अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ पासून होतं. मी सुरुवातीला फार कौतुकाने वापरलं. सकाळी साडेसातला निघालो की पान वारजे, चांदणी चौक, हायवे असं नेतं, तेव्हा हायवे मोकळा असतो, छान वाटतं. संध्याकाळी मात्र तेच पान येताना सेनापती बापट रोडवरून आणतं आणि लॉ कॉलेज रोड तुंबलेला असला की भांडारकर रोडकडे वळवतं, तिथून प्रभात रोडच्या कुठल्यातरी नंबरी गल्लीतून कर्वे रोडला काढतं. आणि त्या गल्लीत माझ्या पुढे नऊ गाड्या, मागे सात, सगळ्यांच्या डॅशबोर्डवर तोच निळा पट्टा. एक आजोबा गेटाशी उभे राहून आमच्याकडे असे बघत होते की मला काच खाली करून सॉरी म्हणावंसं वाटलं.

प्रश्न असा, की माझं पेट्रोल वाचलं म्हणजे पुण्याची हवा सुधारली का? का मी माझा धूर फक्त मेन रोडवरून उचलून त्या आजोबांच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पंक्चर_काढा (सोमवार, रात्री ९.५२)

पहिला!

किती वाचतं हो पेट्रोल पण? आधी ते सांगा. आमच्या गाडीला पान लावून बघितलं, मॅप म्हणतो ४ टक्के वाचेल, त्या ४ टक्क्यांसाठी मी तीन शाळा आणि एक भाजीबाजार पार केला.

कर्वेनगरी (सोमवार, रात्री १०.०५)

गाडी शहरात १४ देते. १३ किमीला साधारण ९३० मिली. ५ टक्के वाचले धरा, ४६ मिली. म्हणजे पाचेक रुपये. वर्षाला पाचशे फेऱ्या धरल्या तर २३ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो (हो, लिटरच्या वजनापेक्षा जास्त, कारण ऑक्सिजन हवेतला लागतो, दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून आधीच लिहितो), म्हणजे वर्षाला ५३ किलो. अगदीच टाकाऊ नाही.

जुना_पाना (सोमवार, रात्री १०.३१)

मी वर्कशॉपवाला आहे, सॉफ्टवेअरवाला नाही, पण हे पान कसं ठरतं ते थोडं माहितीये ते सांगतो. दोन गोष्टी समजल्या की बाकी समजतं.

एक, वेग. गाडी सगळ्यात कमी पिते ती साधारण ताशी ५० ते ७० ला एका लयीत चालली की. त्याच्या खाली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत, तिची भूक वाढते. उभी राहून चालू असली तर अंतर शून्य आणि खर्च चालूच, छोट्या पेट्रोल गाडीला एसी लावून तासाला पाऊण लिटरच्या आसपास धरा. टॉमटॉम या मॅप कंपनीच्या २०२४ च्या मंद ट्रॅफिकच्या शहरांच्या यादीत पुणं जगात चौथं आलं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे आपण ताशी १८ ने फिरतोय. या वेगाला कुठलंही इंजिन खूश नसतं.

दोन, चढ. १२०० किलोची गाडी ५० मीटर वर चढवायची तर नुसत्या चढाचे ७० मिलीच्या आसपास पेट्रोल जातं. धागाकर्त्यांनी वरती जे ४६ मिली वाचवले ते एका टेकाडात गेले! उतरताना थोडं परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये ठेवली तरच. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल तर पेट्रोल बंदच करते. न्यूट्रल मारलं तर आयडलिंगचं पेट्रोल जातं आणि ब्रेकवर सगळा भार येतो. नवले पुलाच्या उतारावर ट्रकांचे कसे अपघात होतात ते सगळ्यांनी वाचलंय, जास्त लिहीत नाही.

तर मॅप या दोन्हींचा हिशोब करतो, चढउतार, ट्रॅफिक, रस्ता कसला आहे ते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या मदतीने त्यांनी हे मॉडेल बांधलं. आणि सेटिंगमध्ये इंजिन कुठलं ते सांगायचं असतं, पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, इलेक्ट्रिक. माझ्याकडे येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतल्या नऊ जणांनी ते सांगितलेलंच नसतं. डिझेलवाला पेट्रोलचं पान बघत फिरतो. ईव्हीचं तर गणितच वेगळं, तिला ट्रॅफिकमध्ये थांबायचा फारसा त्रास नाही, ब्रेक मारला की थोडी वीज परत येते, तिला उलट हायवेचा वेग महाग पडतो.

पंक्चर_काढा (सोमवार, रात्री १०.३८)

काका मानलं. माझीपण डिझेल आहे आणि मॅपमध्ये पेट्रोल होतं 🙈

गल्ली_नंबर_सांगणार_नाही (सोमवार, रात्री ११.१२)

मी बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज राहवलं नाही.

धागाकर्ते, तुम्ही ज्या गल्ल्यांबद्दल लिहिलंय त्यातल्याच एका गल्लीत मी राहते, जन्मापासून. लहानपणी आम्ही रस्त्यात लगोरी खेळायचो, दुपारी एखादी रिक्षा आली तर खेळ थांबायचा. तीनेक वर्षांत इतकं बदललंय की संध्याकाळी सहा ते साडेआठ गेट उघडून स्कूटर बाहेर काढता येत नाही, कुणी जागाच देत नाही. बंगले पाडून सात सात मजले झालेत, त्यामुळे धूर वर जायला जागा नाही, वरती जुन्या झाडांचं छत. उन्हाळ्यात याच झाडांचं आम्ही कौतुक करतो. सासूबाईंना दमा आहे, पुढच्या खोलीची खिडकी आम्ही संध्याकाळी उघडतच नाही. आणि लोकांच्या मोबाइलवर हिरवं पान!

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी शेवटी पाटी लावली, "मॅप चुकला आहे. पुढे रस्ता बंद." पुढे रस्ता बंद नाही. पण पाटी लावल्यापासून निम्म्या गाड्या परत जातात.

पंक्चर_काढा (सोमवार, रात्री ११.१५)

😂😂 सेक्रेटरींना दंडवत

जुना_पाना (सोमवार, रात्री ११.२०)

ताई, राग मानू नका, पण परत फिरणारी गाडी त्या अरुंद गल्लीत पुढे-मागे-पुढे करून वळणार, त्यात मागची थांबणार. त्याचा धूर तुमच्याच दारात ना?

गल्ली_नंबर_सांगणार_नाही (सोमवार, रात्री ११.२४)

हो, ते पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. आता पाटी गल्लीच्या तोंडाशी हलवायचं चाललंय, पण ती जागा दुसऱ्या सोसायटीच्या भिंतीची आहे आणि त्या दोन सेक्रेटरींचं २०११ पासून पटत नाही.

वर्तुळाकार (मंगळवार, सकाळी ७.०५)

वाहतूक अभियांत्रिकी शिकलोय आणि त्यावर पोट भरतो, म्हणून थोडं लांबेल.

एकट्याची गाडी हिरव्या रस्त्याने गेली तर पेट्रोल वाचतं यात वाद नाही. स्वीडनमधल्या लुंड शहरात २००६ मध्ये एक अभ्यास आला होता, ४६ टक्के फेऱ्या अशा होत्या की लोकांनी कमीत कमी इंधनाचा रस्ता निवडलाच नव्हता, निवडला असता तर त्या फेऱ्यांत सरासरी ८.२ टक्के वाचले असते. गूगलचा स्वतःचा अंदाज २०२१ ते २०२३ अखेर २९ लाख टन कार्बन वाचल्याचा आहे. अंदाज त्यांचाच आहे हे लक्षात ठेवून वाचा, म्हणजे झालं.

पण प्रश्न एकट्याचा नाहीच. १९५२ मध्ये वॉर्ड्रॉप नावाच्या इंग्रज संशोधकाने मांडलं, की प्रत्येक जण स्वतःचा वेळ कमी करायला बघतो आणि शेवटी सगळे वापरातले रस्ते सारखेच वेळखाऊ होऊन बसतात. तिथून पुढे कुणालाच रस्ता बदलून फायदा नाही. पण सगळ्या शहराचा मिळून वेळ तेव्हा कमीत कमी असतो का? नसतो. ती दोन वेगळी गणितं आहेत. १९६८ मध्ये ब्राएस या जर्मन गणितज्ञाने तर दाखवलं की नवीन जोडरस्ता उघडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. ताईंची गल्ली हा असाच "नवीन" रस्ता आहे. रस्ता जुनाच, पण पूर्वी तो फक्त तिथे राहणाऱ्यांना माहीत होता. मॅपने तो सगळ्या शहराला उघडला.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लिओनिया गावाचं उदाहरण बघा. शेजारीच न्यूयॉर्कला जाणारा मोठा पूल, पूल तुंबला की ॲपवाले गावातून. जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी ६० च्या आसपास रस्ते बाहेरच्यांना बंद केले, दंड लावला. त्याच वर्षी कोर्टाने तो नियम रद्द केला. म्हणजे सेक्रेटरींच्या पाटीचं तिथे काय झालं असतं ते बघा.

आता हिरव्या पानाचं. एका गल्लीतून संध्याकाळी चाळीस गाड्या गेल्या तर प्रत्येकीचं पेट्रोल वाचतं. चारशे घुसल्या की गल्ली भरते, गाड्या कर्वे रोडला बाहेर पडताना मेन रोडची रांग कापतात, त्या चौकात सगळेच थांबतात. हिशोब करताना जो रस्ता हिरवा होता तो तिथे पोचेपर्यंत तांबडा झालेला असतो. मॅप ताजं ट्रॅफिक बघून दुरुस्त करतो हे मान्य, पण तो गर्दी झाल्यावर दुरुस्त करतो.

टेकडीवाला (मंगळवार, सकाळी ८.३०)

वर्तुळाकार, मस्त प्रतिसाद. हेच लॉजिक लावून सांगा मग बालभारती ते पौड फाटा रस्ता. लॉ कॉलेज रोडचा धूर कमी होईल म्हणून टेकडीच्या कडेने दोन-सव्वादोन किलोमीटरचा रस्ता. झाला तर दोन वर्षांत तोही भरणार आणि टेकडी गेलेली असणार. २०२३ मध्ये या रस्त्याच्या विरोधात एवढे लोक चालत आले ते उगाच का?

शुक्रवारपेठ (मंगळवार, सकाळी ८.४१)

टेकडीवाले लगेच हजर. लॉ कॉलेज रोडवर रोज पाऊण तास अडकणाऱ्यांच्या फुप्फुसाचं काय मग?

टेकडीवाला (मंगळवार, सकाळी ८.४४)

मेट्रो घ्या.

शुक्रवारपेठ (मंगळवार, सकाळी ८.४६)

लॉ कॉलेज रोडवर मेट्रो आलेली मला कळली नाही, कधी आली?

संपादक_मंडळ (मंगळवार, सकाळी ९.१०)

बालभारती रस्त्यावर स्वतंत्र धागा आहे, ६०० प्रतिसाद आहेत, तिकडे जा. इथे हिरवं पान.

हवापालट (मंगळवार, दुपारी १.२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, टायपो समजून घ्या.

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न फार बरोबर आहे आणि लोक दोन गोष्टींची खिचडी करतायत. पान मोजतं ते इंधन. इंधन म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो कुठेही सोडला तरी पृथ्वीला सारखाच. प्रभात रोडला सोडा नाहीतर फुरसुंगीला सोडा. पण आपण श्वासात घेतो आणि आजारी पडतो ते कार्बन डायऑक्साइडने नाही, ते बारीक धुळीने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइड्सनी. आणि तिथे कुठे सोडला हेच सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या रुंद रस्त्यावर धूर पसरतो, दीडशे-तीनशे मीटरवर बराच विरळ होतो. गल्लीत दोन्ही बाजूंनी इमारती म्हणजे खोल घळ, वारा वरून निघून जातो आणि खालची हवा तिथेच गरगरत राहते. ताईंनी झाडांच्या छताचं लिहिलंय ते बरोबर आहे, अरुंद रस्त्यावर दाट छत असेल तर हवा खेळायला उलट अडचण होते. (झाडं तोडा असं कुणीही माझ्या नावावर खपवू नये, हात जोडून विनंती.)

म्हणजे तेवढाच धूर, पण घळीत सोडला तर नाकापर्यंत पोचणारा भाग जास्त. पान हे बघत नाही. ते तुमच्या टाकीत बघतं.

अजून एक. इंजिन स्वच्छ झाली म्हणून सगळं संपत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले, इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं, मोठी गोष्ट आहे. पण टायर झिजतात, ब्रेक झिजतात, आणि रस्त्यावरची धूळ चाकांनी परत परत उडते. एआरएआय या पुण्यातल्या वाहन संशोधन संस्थेने शहरातलं प्रदूषण कुठून येतं याचा अभ्यास २०१० मध्ये दिला होता, त्यात जाड धुळीत म्हणजे पीएम १० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा सगळ्यात मोठा होता. आता रस्ता खोदून अर्धवट बुजवलेल्या गल्लीतून मॅपने तुम्हाला नेलं, तर पेट्रोल वाचेल आणि धूळ दुप्पट उडेल. हिरवं पान, तपकिरी हवा.

आणि ऋतू. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी थंड हवा खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा, धूर कोंडून राहतो. जुलैत तीच गाडी त्याच गल्लीतून गेली तर पाऊस धुऊन नेतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची सफर ही हवेची मोजणी बघत चला, शिवाजीनगर, कात्रज, भोसरी, लोहगाव अशी स्टेशनं आहेत. आपलं प्रमाण पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक धुळीला दिवसाला ६०, वर्षाच्या सरासरीला ४० (घनमीटर हवेत मायक्रोग्रॅम). जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाचं प्रमाण ५ वर आणलं. ४० आणि ५ मधलं अंतर एकदा नीट बघा.

कर्वेनगरी (मंगळवार, दुपारी १.४८)

हवापालट, धन्स. "ते तुमच्या टाकीत बघतं" हे मला तीन महिने शब्दांत पकडता येत नव्हतं.

मीटरडाउन (मंगळवार, दुपारी ३.१५)

नमस्कार, मी रिक्षा चालवतो, २२ वर्षं झाली. मुलीने हा धागा वाचून दाखवला, लिहायला पण तीच बसलीये.

साहेबलोकांनी सगळं सांगितलं पण गतिरोधकाचं कुणीच नाही बोललं. मॅपचं पान ज्या गल्लीतून नेतं तिथे मी मोजलेत, एका गल्लीत अकरा. काही डांबराचे, काही लोकांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेले, त्यांना तर ना रंग ना पट्टा. प्रत्येकाला थांबा, पहिला टाका, उचला. सीएनजीला तर तिथेच सगळा गॅस जातो. मेन रोडने एक सिग्नल जास्त लागला तरी परवडतं. पॅसेंजर पाठीमागून मोबाइल दाखवतो की काका इकडून घ्या इथे हिरवं दाखवतंय, मी म्हणतो घेतो, पण वरचे पैसे मीटरच दाखवणार.

दुसरी गोष्ट, मॅपला शाळा सुटायची वेळ माहीत नाही. पाच मिनिटांत कळतं त्याला गर्दी झाली ते, पण आपण तोपर्यंत आत घुसलेलो असतो. आम्हाला कुठल्या शाळेची सुट्टी कधी, कुठल्या कार्यालयात लग्नाची तिथी आहे, कुठल्या मंडळाचा मांडव किती रस्ता खातो हे पाठ असतं.

पंक्चर_काढा (मंगळवार, दुपारी ३.२२)

काका तुम्हीच मॅप काढा, आम्ही सब्स्क्रिप्शन घेतो.

मुठाकाठची (मंगळवार, सायंकाळी ६.५०)

स्कूटरवालीचं पण ऐका जरा. सगळी चर्चा कारची चाललीये. दुचाकीचा वेगळा मोड गूगलने २०१७ ला आपल्या देशात आणला, हिरवं पान पण दुचाकीला आहे, चांगली गोष्ट. पण आमच्यासाठी पेट्रोल हा प्रश्नच नाही ओ, ४५ देते गाडी. आमचं नाक कारच्या सायलेन्सरपासून चार फुटांवर असतं. मला असा रस्ता पाहिजे जिथे मी धूर कमी खाईन, मग दोन किलोमीटर जास्त का पडेना. असं बटण आहे का कुठल्या ॲपमध्ये? "कमी धुराचा रस्ता"? मी रोज नारायण पेठेतून डेक्कनला भिडे पुलावरून जाते कारण नदीवर हवा मोकळी असते, मॅप सांगतो म्हणून नाही. फक्त खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली, आणि तेव्हा मॅपच्या आधी मला आमच्या दूधवाल्याचा मेसेज येतो.

रच्याकने (म्हणजे रस्त्याच्या कडेने, आपलं बाय द वे; इथे हा शब्द फारच चपखल बसला 😄) ओढणी आणि मास्क दोन्ही बांधून फिरते तरी घरी येऊन तोंड धुतलं की पाणी काळं.

हवापालट (मंगळवार, रात्री ८.०२)

मुठाकाठची, तुमची मागणी खरं तर संशोधनातला जुना विषय आहे, कमी इंधनाचा रस्ता आणि कमी धूर खायचा रस्ता हे बऱ्याचदा एक नसतात. पण त्यासाठी गल्लीगल्लीची हवा माहीत पाहिजे. शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी स्टेशनं असताना भांडारकर रोड आणि त्याच्या मागची गल्ली यातला फरक कुठून कळणार?

वर्तुळाकार (मंगळवार, रात्री ९.३०)

कायद्याने काही होतं का, तर फ्रान्सने थोडं केलंय. ऑगस्ट २०२२ च्या आदेशाने तिथल्या नेव्हिगेशन ॲपना नियम घातले. प्रवासाचा कार्बन किती ते दाखवा, बस-सायकलचा पर्याय सुचवा, आणि जे दुय्यम रस्ते थेट वाहतुकीसाठी नाहीत त्यांवर गाड्यांचा लोंढा वळवू नका. शेवटचा नियम म्हणजे ताईंच्या पाटीचा सरकारी अवतार!

आपल्याकडे गूगलने जुलै २०२४ मध्ये चारचाकींना अरुंद रस्ते टाळायची सोय आणली ती हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोइम्बतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी या आठ शहरांत. यादीत पुणं नव्हतं. अरुंद गल्ल्यांच्या शर्यतीत आपण इंदूरच्या मागे पडलो हे काही पटत नाही.

आणि महापालिकेने मनात आणलं तर गल्ली मॅपपुरती कायम "महाग" करता येते. एकेरी करा, गर्दीच्या वेळी डावं वळण बंद करा, मधे खांब रोवून फक्त सायकल आणि पायी जाऊ द्या. मॅप ते नियम मुकाट्याने पाळतो. पाटी त्याला वाचता येत नाही, एकेरी वाचता येते.

गल्ली_नंबर_सांगणार_नाही (मंगळवार, रात्री ९.४१)

एकेरी केली तर आम्हाला स्वतःच्या घरी यायला वळसा.

वर्तुळाकार (मंगळवार, रात्री ९.४३)

हो, ती किंमत आहे. चारशे मीटरचा वळसा की संध्याकाळी बंद खिडकी, हे तुमच्या गल्लीने ठरवायचं. माझा अनुभव असा की मीटिंगमध्ये सगळे खिडकीच्या बाजूने बोलतात आणि सही करायची वेळ आली की वळसा आठवतो.

पासधारक (बुधवार, सकाळी १०.१५)

वय ६८. गाडी विकून चार वर्षं झाली. वनाझहून मेट्रोने बसतो, मार्च २०२२ ला फक्त गरवारेपर्यंत जायची, आता रामवाडीपर्यंत जाते, सिव्हिल कोर्टला बदलून स्वर्गेटला जातो. तुम्ही सगळे कुठला रस्ता घ्यायचा यावर भांडताय, घरून स्टेशनपर्यंत जायचं कसं यावर कुणी बोलत नाही. माझी मेट्रो वीस मिनिटं आणि स्टेशनपर्यंतच्या बसची वाट पंचवीस मिनिटं. ती पंचवीसची दहा झाली तर तुमच्यातले दहा जण तरी गाडी घरी ठेवतील. ठेवाल ना?

कर्वेनगरी (बुधवार, सकाळी १०.४०)

काका, खरं सांगू, बाणेरला थेट मेट्रो असती तर दुसऱ्या दिवशी ठेवली असती. बसने दोनदा गेलो, एकदा पन्नास मिनिटांत पोचलो आणि एकदा दीड तासात. बॉसला पन्नासवाली गोष्ट सांगता येत नाही.

पंक्चर_काढा (बुधवार, सकाळी १०.४२)

बॉसला सांगा पुणं जगात चौथं आहे.

कर्वेनगरी (रविवार, दुपारी १२.३०)

मंडळी, आठवडाभर थोडा उद्योग केला. सोमवार ते शुक्रवार रोज मीटर शून्य करून गाडीचं ॲव्हरेज लिहून ठेवलं, एसी चालू, टायरची हवा सोमवारीच भरून घेतली. हा काही अभ्यास नाही, एक गाडी, एक ड्रायव्हर, पाच दिवस. तरी लिहितो.

सकाळी साडेसात, पानाचा रस्ता म्हणजे हायवे, सरासरी १६.१. चांदणी चौकाच्या चढाला आकडा दणकन खाली येतो आणि पुढे पाषाण-बाणेरच्या बाजूला भरून निघतो, जुना_पाना काकांचं ऐकून उतारावर गिअरमध्येच ठेवली. बुधवारी मुद्दाम शहरातून गेलो तर १२.९. इथे पान बरोबर होतं, शंकाच नाही.

संध्याकाळी सहा वाजता. दोन दिवस पानाचं ऐकून गल्लीतून, ११.८ आणि ११.३. दोन दिवस हट्टाने लॉ कॉलेज रोडवर तुंबून राहिलो, ११.२ आणि ११.५. म्हणजे फरक जवळपास शून्य, मीटरडाउन काकांचे गतिरोधक आणि कर्वे रोडला बाहेर पडतानाची रांग यात सगळं वाचलेलं गेलं. पाचव्या दिवशी ऑफिसातच थांबून आठला निघालो, १४.६, आणि पान मेन रोडवरच होतं. उशिरा निघण्याएवढं कुठल्याच रस्त्याने वाचवलं नाही. बायकोचं मत या प्रयोगाबद्दल वेगळं आहे, ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळचं पान मी आता ऐकत नाही. सकाळचं ऐकतो.

जुना_पाना (रविवार, दुपारी १.०५)

व्यवस्थित काम केलंत. आता एअर फिल्टर बदला, १६ ची १७ होईल.

मीटरडाउन (रविवार, दुपारी २.२०)

मुलगी म्हणते काकांना लाइक द्या. दिला.

कर्वेनगरी (रविवार, दुपारी २.४५)

गल्ली_नंबर_सांगणार_नाही, ताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या सेक्रेटरींची पाटी पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत आहे का? आणि "चुकला" मधला चु पुसट झालाय?

गल्ली_नंबर_सांगणार_नाही (रविवार, दुपारी ३.१०)

हो! का?

कर्वेनगरी (रविवार, दुपारी ३.१२)

आधीच्या आठवड्यात एकदा मी तिथूनच वळवून परत गेलो होतो. वळताना एक कुंडी फुटली. माझीच चूक. किती झाले सांगा.

गल्ली_नंबर_सांगणार_नाही (रविवार, दुपारी ३.३०)

कुंडी दुसऱ्या सोसायटीची होती. आमचे सेक्रेटरी म्हणतायत पैसे अजिबात देऊ नका.